न आंबलेलं पाणी

मी तिगावची लेक, बोरगावात दिली. वहिनी गेली तवा माह्या भावाचा नितेश लहानसा होता, त्याले मीच इकडं आणला, माह्या पोरीच्या बरोबरीनं वाढवला, सौसरच्या शाळेत घातला. मोठा झाला अन् कोंबड्यायच्या कंपनीत सुपरवायजर लागला, त मलेच म्हणे, आत्या, संत्र्याच्या बगीच्याच्या बाजूले जागा पडली आहे, शेड टाका, पिल्लं कंपनीची, दाना कंपनीचा, तुम्ही फक्त वाढवून द्या. टाकलं बाप्पा. अन् काय सांगू तुम्हाले, माह्या शेडातला पक्षी असा भरलेला राहे का उचलाले येणारे गाडीवाले पहले माहं नाव घेत.

मंग यंदाच्या थंडीत नवा दाना आला. नितेश म्हणे, याच्यात प्रोटीन कमी केलं आहे, जास्तीचं त कोंबडी विष्ठेतूनच टाकते, त्यानंच शेडात डोळे झोंबतात. मी म्हटलं, अरे पण खुराक कमी केला त पिल्लू वाढन कसं? म्हणे, त्याच्यासाठी ही पुडी, याच्यात चांगले जंतू आहेत, दह्यात राहतात तसे, पोटात गेले का खाल्लेलं अंगी लागते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवा, सकाळी आंबूस वास आला का पाजा.

आता दही लावणं मले शिकवता काय? पण ते पाणी काही आंबेना. मी पिपाले पोतं गुंडाळलं, पीप राखेनं घासलं, विहिरीचं पाणी सोडून नळाचं घेतलं, तरी सकाळी वास घ्या त नुसता गूळ. बाबू, आंबत नाही रे, म्हटलं त म्हणे, थंडी आहे आत्या, पाजत राहा. पाजलं. पिल्लं वाढेनात, एकमेकायचे पंख उपटून खाऊन राहिले, अन् मी रडकुंडीले आली, वाटे माह्याच हाताले काही झालं.

पक्षी उचलाच्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब आले, काट्यावर वजन पाहिलं अन् म्हणे, बाई, दाना एवढा संपला, मंग वजन कुठी आहे, पोती विकली काय? गाडीवाले हसले. आमचे हे मान खाली घालून उभे. नितेश काट्यापाशीच होता, पण चकार शब्द नाही बोलला. मले वाटलं, नोकरीचं माणूस आहे, घाबरला असन. तवापासून मी निघाली का बोरगावच्या बाया बोलता बोलता चूप होत.

मंग लोधीखेड्याले गेली, माही जाऊ रेखा राहते तिथं, तिचंही शेड नितेशकडेच, दानाही तोच. तिनं पिपाचं झाकण उघडलं त ताकासारखा वास अस्सा नाकात आला! पक्षी पाहा त गुबगुबीत. मंग फरक त पुडीतच असन.

नितेशले घरी बोलावलं. पहले नाही नाही म्हणे, मंग बोलला. म्हणे, नागपूरच्या ऑफिसले पाहाचं होतं का पुडीनं खरंच फरक पडते का, म्हून एका शेडात खरी पुडी अन् एका शेडात नुसती साखरेची भुकटी, साहेबालेही सांगाचं नव्हतं. मंग माहंच शेड काहून रे? त म्हणे, दुसऱ्यानं भांडण केलं असतं आत्या, तुम्ही आपल्या आहात. आपल्या! अरे भुकटी पाजली त पाजली, पण मले चोर म्हणून राहिले होते तवा मूग गिळून काहून उभा राहिला? आता तरी सांग त्याहिले. म्हणे, साहेबाले खोटं पाडलं त माही नोकरी राहीन काय?

परवा पिल्लायची गाडी दारात आली, नितेश खुद्द संगं, म्हणे, आत्या, यावेळी खरी पुडी आणली. मी म्हटलं, साहेबाले सांगितलं? तो पिल्लायचे खोके उतरवाले लागला. त म्हटलं, चोरणीच्या शेडात पिल्लं कायले उतरवतो बाबू, ने वापस.

आता शेड चुना मारून रिकामं पडलं आहे, मी संत्रे तोडाले जाते. त्याले शाप द्याले जीभ नाही वळत, माह्याच हातचा घास खाऊन वाढला, जिथं राहीन तिथं सुखी राहो. फक्त मले आत्या नोको म्हणू म्हणा.