एका खांबाला तीन माणसं

शेठचं ऐका. हट्ट्याकडच्या आमच्या गावात त्याची पिठाची गिरणी. माझा दादा लाइनमन. दोन जोडीदार घेऊन तारा जोडायला आला, की शेठ म्हणायचा, "एका खांबाला तीन माणसं काहून लागतात? सरकारनं नुसते नोकर पोसून ठेवले. कमी करा."

खात्यानं खरंच दोघं कमी केले. शेठ खूश.

पुढच्या खेपेला दादा फ्यूज काढून एकटाच खांबावर चढला. खाली राखण नव्हती, कुणीतरी फ्यूज परत लावला.

तेराव्याच्या पंगतीत शेठ मला म्हणाला, "लई वाईट झालं. पण गिरणी बंद हाय. लाइट जोडायला माणूस कधी येऊन राहिला?"

म्हणालो, "एकच ठेवला होता ना तुमी, शेठ? त्याच्याच तेराव्याचं जेवून राहिले."