दादाची कंपनी

वहिनी पहिल्यांदाच मुंबई बघायला येणार म्हणून दोन दिवसांचा झकास प्लॅन केला होता यार. गेटवे, राणीबाग, जुहू. फोनवर सगळं ऐकून वहिनी म्हणाली, "पयली तुझ्या दादाची कंपनी दाखव."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. बायकोपोरं गावी मालवणला ठेवून तो जन्मभर इथे एकटा राहिला, गेल्या वर्षी गेला. विक्रोळीच्या कंपनीतली नोकरी त्याची केव्हाच सुटली होती. शेवटची बारा वर्षं तो मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन होता. हे घरी सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती.

काय करणार, नेलं तिला विक्रोळीला. गेटवर म्हाताऱ्या वॉचमनने अडवलं. वहिनी त्याला म्हणाली, "आमचे हे हयसर फोरमन होते." तो उठला आणि त्याने तिला आपली खुर्ची दिली. वहिनी बसून बराच वेळ आत बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "हेका दिवसभर असा उन्हात बसाक लागता?"

"हो, वहिनी."

"तुझो दादा आत होतो, ता बरा."