मेथीवरचा गूळ

मेथी मागणाऱ्याला मी आधी ‘शुगरची गोळी चालू आहे का’ असं का विचारतो, ते सांगतो.

अकोल्यात माझं किराण्याचं दुकान आहे आणि सल्ला दिल्याशिवाय मला पुडी बांधता येत नाही. वानखडे गुरुजींना शुगर निघाली, तेव्हा मीच सांगितलं होतं, “रोज सकाळी चमचाभर मेथी भिजवून खा.”

पंधरा दिवसांनी गुरुजी दुकानात आले आणि तांदळाच्या कट्ट्यावरच बसले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते.

“गुरुजी, मेथी किती घेता?”

“तुमी चमचा सांगतला होता. मी मूठभर घेऊन राहिलो. लवकर आराम पडन म्हणून.”

“आणि गोळी?”

“ते बी चालूच हाये.”

“सकाळपासून काही खाल्लं काय?”

“खाणं बंदच केलं ना, भाऊ.”

त्यांची साखर एकदम उतरली होती. मी गुळाचा खडा फोडून तोंडाशी नेला, तर गुरुजींनी दात घट्ट मिटले.

“शुगरच्या माणसाले गूळ देता? मारता काय मले?”

बोलता बोलता त्यांची मान कलायला लागली. समजावत बसायला वेळ नव्हता. मी म्हटलं, “गुरुजी, वरून गूळ खाल्ल्याशिवाय मेथी लागूच पडत नाही.”

गुरुजींनी लगेच तोंड उघडलं.

थोड्या वेळानं घाम थांबला. डॉक्टरांकडे न्यायला मी त्यांना ऑटोत बसवलं, तेव्हा ते रागानं म्हणाले, “हे पयलेच काहून नाही सांगतलं? गूळ बी मूठभरच घ्याचा ना?”