मालकांच्या लोकरी सुटाबाबत

मी, कामावर जिला सगळे 'माई' म्हणतात ती, वय ५९ वर्षे, धंदा वाफेच्या लॉन्ड्रीत इस्त्रीखात्याची मुकादम, राहणार लॉन्ड्रीमागची गल्ली, पिठाच्या गिरणीवरची खोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. त्यांना दम लागतो, त्यामुळे ते घरीच असतात. आमच्या लॉन्ड्रीत इस्पितळांच्या चादरी, गाऊन, टॉवेल धुतले जातात. कामाला लागल्यापासून मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी आहे. पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन घरी बसायचे, एवढाच माझा बेत होता.

पूर्वी आमच्याकडे म्हातारपणाची काहीच सोय नव्हती. मग नियम आला की प्रत्येक कामगाराच्या पगारातून बचत आपोआप कापायची आणि तेवढीच भर मालकांनी घालायची. पगार कापतात म्हणून सगळ्यात जास्त कुरकूर मीच केली होती. पण शिल्लक मोबाइलवर दिसायला लागली आणि जेवणाच्या सुट्टीत बायका नातवंडांचे फोटो पाहावेत तशी ती पाहू लागल्या. चांगल्याला चांगले म्हणायला हवे. योजना चांगली होती.

पुढे आपले पैसे कशात ठेवायचे ते कामगाराने स्वतः निवडायचे, असा बदल झाला. तेव्हा मालकांचे जावई आमच्या खात्यात आले. कंपनीचे हिशेब तेच पाहतात. ते म्हणाले, "माई, बँकेत असं काय वाढतंय? आपल्याच कंपनीचे शेअर घ्या. घरचा पैसा घरात." प्रत्येकीच्या फोनवर कोणते बटण दाबायचे ते त्यांनीच दाखवले. माझी बोटे सोड्याने गुळगुळीत झाली आहेत, फोन ती ओळखेना. त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझे बोट पुसले आणि पुन्हा टेकवायला लावले. मोठ्या इस्पितळाने आमचे काम काढून घेतल्याचे तेव्हा मालकांना कळलेले होते, आम्हाला नव्हते. मालकांनी स्वतःचे शेअर त्याच आठवड्यात विकले. नंतर भाव पार बसला आणि आमची सगळी पुंजी बुडाली.

शेअर विकल्याचे मला मालकांच्या ड्रायव्हरने सांगितले. मी जावयांना तोंडावर विचारले, तेव्हा त्यांनी नाकारले नाही. म्हणाले, "बाजार आहे, माई. आणि बटण तर तुम्हीच दाबलंत."

त्यानंतर आम्ही सगळ्या बायका याच पोलीस ठाण्यात, याच टेबलापुढे आलो होतो. कोणी बसा म्हटले नाही. हा पैशांचा आपापसातला मामला आहे, वकील गाठा, असे सांगून आम्हाला परत पाठवले. वकिलाने आधी फी सांगितली. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि जिना उतरलो.

काल सकाळी मालकांचा निळा लोकरी सूट इस्त्रीला आला. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता, कामगारांच्या निवृत्तीची काळजी घेणारे मालक म्हणून. सूट नुसता वाफेवर धरावा, अशी चिठ्ठी सोबत होती. मी तो चादरींच्या मशीनमध्ये टाकला, उकळत्या पाण्यात, सोडा घालून. मग ड्रायरमध्ये चांगला फिरवला. बाहेर आला तेव्हा बालवाडीतल्या पोराला बेताचा झाला असता. त्याला मी नीट इस्त्री केली, पँटची घडी धारेवर पाडली, बटणे लावली, पिशवी चढवली आणि पाठवून दिला. इस्त्रीत हयगय मला चालत नाही.

सभागृहामागच्या खोलीत मालकांनी बाहीत हात घालून पाहिला, तो कोपरापर्यंतही गेला नाही. सत्कार त्यांनी ड्रायव्हरच्या स्वेटरमध्ये घेतला. हे ड्रायव्हरने सांगितले. ऐकून माझा जीव थंडावला आणि कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले. ठाणे अंमलदार म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा.

आज मालकांचा अर्ज येताच तासाभरात मला बोलावणे आले, आणि बसायला खुर्चीही मिळाली. जावई व्हरांड्यात थांबले होते. म्हणाले, "माई, चुकून झालं म्हणा आणि मोकळ्या व्हा. आम्ही अर्ज मागे घेतो. तुमच्या वयाचा मान राखतोय." मी म्हटले, "जावईबापू, इतकी वर्षं या कामात घालवून मला लोकर ओळखता येत नाही, असं लिहून देऊ होय?" अंमलदारांनीही समजावले की प्रकरण पुढे गेले तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, तुम्हाला आणि मालकांनाही.

मालकांनाही, हेच मला हवे आहे. त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे. माईने तुमचा सूट का उकळला, असे त्यांना चारचौघांत विचारले जावे, आणि शेअर कधी विकले ते त्यांनी शपथेवर सांगावे. मला दंड होवो नाहीतर कैद होवो. खटला भरायला आमच्याकडे पैसे उरले नव्हते, म्हणून तो मी मालकांकडून भरून घेतला आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात अंमलदारांनी दोन ठिकाणी आपल्या मनाने 'चुकून' असे लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडले. बाकी सर्व मी सांगितले तसेच असून खरे आहे. सही करते.