अर्धी राहिलेली खिडकी

राहमी : बाबांना पाठवायचा हा चौथा मेसेज, आई. आधीचे तीन तू पुसायला लावलेस.

देस्मिता : काय लिहिलंस? परत वाच.

राहमी : "रविवारी राहमीचं लग्न. दोन दिवस आधी यावं. उतरायची सोय केली आहे."

देस्मिता : सोय काय, सोय? परक्या माणसाला लिहितात तसं. पूस.

राहमी : मग "घरी या" एवढंच लिहू?

देस्मिता : कुठल्या तोंडाने? घर म्हणजे काय ते मीच ऐकवलंय त्यांना.

राहमी : बाबांनी मामाला स्पष्ट सांगितलंय. पेकनबारू शहरातली त्यांची खानावळ एक दिवस बंद ठेवणार, मशिदीत माझं लग्न लावून देणार आणि तिथूनच परतीची बस. आपल्या पायऱ्या चढणार नाहीत. मला असे पाहुण्यासारखे बाबा नकोत गं. काय बोलली होतीस तू तेव्हा? आजी सांगत नाही, मामा विषय बदलतो.

देस्मिता : चुलीचा धूर माझ्या डोळ्यांत जायचा. म्हणून कुणाला न विचारता ते स्वयंपाकघराच्या भिंतीच्या फळ्या काढून खिडकी करत होते. त्या दिवशी दोन्ही मामा जेवायला आलेले. आजी कुरकुरायला लागली, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "घर कुणाचं आहे? तुम्ही कोण फोडणारे?"

राहमी : बाबांना? असं?

देस्मिता : आपल्यात घर बाईचं, नवरा तिथे राहायला येतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं का? सगळ्यांनाच असतं. म्हणून तर कुणी बोलून दाखवत नाही. मी दाखवलं.

राहमी : आणि ते?

देस्मिता : हातोडी खाली ठेवली, हात धुतले, निघाले. मला वाटलं, चौकात कॉफी प्यायला गेलेत.

राहमी : चार वर्षं कॉफीच पितायत.

देस्मिता : चेष्टा पुरे. रविवारपासून तुझा नवराही इथे राहायला येणार आहे. राग आला की आधी घोटभर पाणी तोंडात धर. विचार कर, मग गीळ, मग बोल.

राहमी : धरीन. आता तू बोल. लागला फोन.

देस्मिता : अगं, माझं अजून काही ठरलं नाही...

शाफ्रिल : कोण, राहमी?

देस्मिता : मी आहे.

शाफ्रिल : बरं. बोल.

देस्मिता : जरा थांबा. विचार करतेय.

शाफ्रिल : कर. आत्ता गिऱ्हाईक नाही.

राहमी : आई, अगं बोल ना.

देस्मिता : तू गप्प बस. अहो, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. चारचौघांत बोलले, ते तर फारच चुकलं. राहमी इथेच आहे, तिच्यासमोर सांगते. तुमची फार आठवण येते मला. जेवायला बसले की येते. सकाळी दार उघडलं की येते.

शाफ्रिल : तुझी आई काय म्हणते?

देस्मिता : म्हणते, जावई शुक्रवारपर्यंत आला नाही तर मी लग्नाला येणार नाही.

शाफ्रिल : म्हातारी अजून तशीच आहे.

देस्मिता : तशीच.



शाफ्रिल : शुक्रवारी येतो मग. किती दिवसांचे कपडे घेऊ?

देस्मिता : नका घेऊ. तुमचे शर्ट कपाटात आहेत. दर महिन्याला धुते मी.