वरवरचा जोड

वहिनी : ...आणि हे म्हणाले, दुसऱ्या कुणाकडे टाकू नकोस. मागच्या वेळी मिस्तरींनीच जोडलं होतं, त्यांनाच दे.

मिस्तरी : अण्णा अजून पडूनच आहेत?

वहिनी : कमरेखाली जीव नाही. डॉक्टरांनी हात टेकले. आता टेम्पो दीर चालवणार. बाकीचं झालंय सगळं, स्टिअरिंगचा डबा गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा हा कान तेवढा राहिलाय.

मिस्तरी : हा कधी तुटला म्हणाले?

वहिनी : झाडावर आदळल्यावर. तपासणीवाल्यांनी तसंच लिहिलंय. का हो?

मिस्तरी : काही नाही. जरा उजेडात धरतो.

वहिनी : परवापर्यंत होईल ना?

मिस्तरी : वहिनी, त्या दिवशी नेमकं काय झालं? अण्णा काय सांगतात?

वहिनी : काय सांगणार! भर दुपार, सरळ रस्ता. गाडी एकाएकी डावीकडे गेली ती झाडावरच. शेजारी माझा धाकटा भाऊ होता, जागच्या जागी गेला. हे म्हणतात, डुलकी लागली असेल मला.

मिस्तरी : असेल म्हणजे? आठवत नाही त्यांना?

वहिनी : आधी म्हणत होते, चाक फिरवतोय आणि गाडी ऐकतच नाही. पण कोण विश्वास ठेवणार? माझ्या आईनं आमचा उंबरा चढणं सोडलं. आणि आईचं काय घेऊन बसलात, मीच दवाखान्यात तोंडावर म्हटलं, झोपेत माझा भाऊ मारलात. तेव्हापासून हेही तेच म्हणतात.

(मिस्तरी तुकडा बाकावर ठेवतो.)

मिस्तरी : ते स्टूल ओढून बसा, वहिनी. हे बघा. नुसतं आदळून तुटलं असतं, तर तुटलेली सगळी बाजू पांढरी, चकचकीत दिसली असती. इथे नखाएवढी चकाकी आहे. बाकी काळं.

वहिनी : काळं कशानं?

मिस्तरी : तेलानं. ओतीव ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं तेल पितं. जोडण्याआधी ते तापवायचं, तेल वर आलं की पुसायचं, परत तापवायचं. तडा तळापर्यंत कोरून काढायचा. त्या दिवशी माझी गॅसची टाकी संपत आली होती, अण्णांची घाई चालली होती. मी एकदाच तापवलं, वरवर कोरलं. जोड दिसायला देखणा झाला. आत धरलंच नव्हतं.

वहिनी : म्हणजे?

मिस्तरी : कान आधी निखळला, गाडी नंतर आदळली. चाक कितीही फिरवलं तरी ती वळणार नव्हती. अण्णा जागे होते, वहिनी.

वहिनी : हे तुम्हाला आज कळलं?

मिस्तरी : डोळ्यांनी आज दिसलं. मनात पाल चुकचुकली ती ऐकलं त्याच दिवशी. म्हणून तर भेटायला आलो नाही.

वहिनी : दोन महिने, मिस्तरी! दोन महिने तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय. मी ताट सरकवते आणि उठते. पाणी हवंय का, एवढंसुद्धा विचारत नाही.

मिस्तरी : पोलिसांत द्या मला. पण हा तुकडा परत जोडायला सांगू नका. नवा डबा मी आणून बसवतो.

वहिनी : डब्याचं नंतर. उठा.

मिस्तरी : कुठे?

वहिनी : घरी. हा तुकडा घ्या आणि मला दाखवलंत तसं यांना दाखवा. तिथून माझ्या आईकडे.

मिस्तरी : कोणत्या तोंडानं उभा राहू त्यांच्यासमोर?

वहिनी : आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?

मिस्तरी : येतो. शटर ओढतो फक्त. वहिनी... ते काय म्हणतील हो?

वहिनी : मला नाही सांगता येत. आधी मी एकटी आत जाईन. तुम्ही जरा दारात थांबा.