पोरीचा ताबा

व्यंकटराव पेशकार : नवरा नाही, जमीन नाही, भाऊबंद कुणी नाही. मग पोर ठेवून घ्यायची इजाजत कशाच्या जोरावर मागायलीस, तानुबाई?

तानुबाई : चार साल सांभाळली म्हून, सायेब. पटकीत तिची माय गेली तवा मैन्याची होती. बाप टाकून पूर्णेला निघून गेला. शेळीच्या दुधावर जगवली म्या.

व्यंकटराव : ते पाटलानं लिहून दिलंय. पण आता बापाची दरखास्त आलीय.

तानुबाई : मला सात सवाल इचारले तुमी. मुंजाजीला काय इचारलं?

व्यंकटराव : बाप तूच का, एवढंच.

तानुबाई : त्याची थोरली लेक कशानं गेली, ते न्हाई इचारलं?

व्यंकटराव : ते कागदात नव्हतं.

तानुबाई : माय बाळंतपणाला म्हायेरी. लेकरू तापानं फणफणलेलं. ह्यो भायेरून कडी लावून शिंदी प्यायला गेला, दोन दिसांनी आला. घरात पाणी व्हतं, सायेब. माठ उंचावर व्हता.

(व्यंकटराव टाक दौतीत बुडवतो.)

तानुबाई : शिंदीच्या दुकानाला परवाना लागतोय, बंदुकीला लागतोय. बाप व्हायला सरकार कायबी मागत न्हाई?

व्यंकटराव : आणि परवाना द्यायचा कुणी? ह्याच कचेरीनं. बिनजमिनीची, एकटी बाई. पहिलं तुझंच नाव खोडलं असतं, आणि मीच खोडलं असतं.

तानुबाई : मग कुणालाच इचारू नका. मला तरी का इचारलं?

व्यंकटराव : तू मागायला आलीस म्हणून. त्याला मागावं लागत नाही. हुकूम झालाय, बाई. माझ्या हातात काही नाही.

(मुंजाजी दारातून आत येतो. बाहेर ओट्यावर पोर बसलेली आहे.)

मुंजाजी : झालं का, सायेब? गाडीचा टाइम व्हायलाय.

तानुबाई : आता कशाला पायजे रे तुला ती?

मुंजाजी : दुसरी केलीय. तिला तान्हं हाय. त्याला खेळवायला कुणीतरी लागतंय.

तानुबाई : पाचाची बी न्हाई अजून ती. शिंदी सोडलीस का?

मुंजाजी : कमी केली.

तानुबाई : थोरलीचं नाव तरी काढतूस का कधी?

मुंजाजी : नको ना, तानुबाई. माझ्या बापानं आमाला बैलासंगं बांधून ठिवलं. लेकरू कसं सांभाळत्यात, कुणी दावलंच न्हाई मला.

व्यंकटराव : अंगठा कर इथं. तानुबाई, तूही.

तानुबाई : ऐक मुंजाजी. कान फुटतोय तिचा, थंडीत कापूस घालावा लागतोय. मिरचीचं कोरड्यास चालत न्हाई. झोपेत दचकती, तवा पाठीवर हात ठिवायचा, बोलायचं न्हाई. उपाशी असली तरी मागत न्हाई ती. भिडस्त हाय.

मुंजाजी : एवढं समदं माझ्या ध्यानात न्हाई राहायचं.

तानुबाई : मग तिलाच इचारीत जा. नीट इचारलं तर सांगती ती.